आरसडोहाची सात पाणमांजरं

"प्रेमा, येऊन राहिलीस का न्हाई? वारा काय तुझ्यासाठी थांबून राहणार हाय?" युसूफने नावेतून हाक मारली.

प्रेमा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. एक पाय पायरीवर आणि दुसरा घोटाभर पाण्यात. घरून निघताना गंगूताई आत्याने बजावलं होतं की नदीवर जायचं तर जा, पण नावेत पाऊल टाकण्याआधी अण्णांना विचार. आणि अण्णांना काही विचारणं म्हणजे भिंतीला विचारण्यासारखंच होतं.

तरी ती विचारून आली होती. अण्णा म्हणजे व्यंकटराव, पैनगंगेच्या काठावरच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्याचे अंमलदार. नदीच्या अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. इकडून तिकडे जाणारी प्रत्येक गाडी नाक्यावर थांबायची, आणि तिच्यात कापूस किती, गूळ किती, हे अण्णा उर्दूत लिहून घ्यायचे. दिवसभर त्यांची मान वहीत असायची. प्रेमाने दारातूनच सांगितलं होतं, की ती नबीचाचांच्या नावेतून डोहावर पाणमांजरं बघायला जाते आहे. अण्णा मान वर न करता "हं" म्हणाले होते.

आता त्या "हं"चा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न तिने नावेतल्या मंडळींपुढे ठेवला.

"हं म्हणजे व्हय," नजमाने ताबडतोब निकाल दिला. "न्हाई म्हणायचं असतं तर माणूस मान वर करतो."

नजमा अकरा वर्षांची होती, पण निकाल देण्यात हायकोर्टाच्या वरताण. प्रेमाला तो निकाल इतका आवडला की तिने दुसरा पायही पाण्यात टाकला आणि नावेत चढली.

युसूफ आणि नजमा ही भावंडं आखाडा बाळापूरची. नाक्यावरचे नावाडी गुलाम नबी त्यांचे आजोबा. ही दोघं त्यांना दादामियाँ म्हणत, प्रेमा नबीचाचा. १९४०च्या त्या साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. त्यामुळे बाळापूरच्या शाळेला सुट्टीवर सुट्टी मिळाली होती, आणि ईदचा शीरखुर्मा पोटात मावतोय न मावतोय तोच ही दोघं दादामियाँकडे येऊन धडकली होती.

गुलाम नबींनी तरुणपणी बारा वर्षं मुंबईच्या शिडाच्या जहाजांवर खलाशी म्हणून काढली होती. गावी परत आल्यावर त्यांनी नाक्यावर माणसं पार करायची मोठी नाव धरली. पण वल्हं मारून मारून त्यांचा जीव कंटाळायचा. मग त्यांनी एका छोट्या नावेला डोलकाठी उभी केली आणि जुन्या तंबूच्या कापडाचं शीड शिवलं. पैनगंगेत शीड! काठावरच्या लोकांनी पोट धरून हसून घेतलं होतं. कार्तिकात मात्र उगवतीचा वारा सुटला की ही नाव वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने, एकही वल्हं न मारता, डोहाकडे सरळ चालायला लागायची. हसणारे मग गप्प बसायचे.

आताही तसंच झालं. युसूफने दोर ओढला, शीड एकदा फडफडलं आणि फुगलं. नाक्याचं कौलारू छप्पर मागे पडलं. आत्या ओसरीवर उभी होती की काय, हे बघायचा धीर प्रेमाला झाला नाही.

प्रेमाला या नाक्यावर येऊन आठ महिने झाले होते. त्याआधी ती हिंगोलीत होती. तिथे शाळा होती, शेजार होता, सागरगोटे खेळायला मैत्रिणी होत्या, आणि आई होती. आई तापाने गेली. त्यानंतर अण्णांनी आपणहून या रानातल्या नाक्यावर बदली मागून घेतली. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इथे नाका, एक घर आणि चार छपऱ्या. प्रेमाच्या वयाचं एकही माणूस नाही. ती उजव्या हाताने स्वतःचा आणि डाव्या हाताने मैत्रिणीचा, असा सागरगोट्यांचा डाव खेळायची. दोन्ही हात हरायचे. आत्या दिवसभर सोवळ्यात असायची, अण्णा दिवसभर वहीत. कधीकधी संध्याकाळी प्रेमाच्या लक्षात यायचं की सकाळपासून आपण एक शब्दही बोललो नाही.

पण आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला काठावरून पाणमांजरं दिसली होती. डोहाच्या पाण्यातून काळी डोकी एका रांगेत पोहत चालली होती. त्या दिवसापासून ती रोज वरच्या दरडीवर जाऊन बसायला लागली. आधी चार होती. पावसाळ्याच्या शेवटी कपारीतून तीन पिल्लं बाहेर आली आणि सात झाली. आई, बाप, मोठी दोन आणि धाकटी तीन. सगळी एकमेकांना शीळ घालून बोलवायची. त्यांच्यात कुणी एकटं राहिलं तर ते जिवाच्या आकांताने शीळ घालत सुटायचं, आणि बाकीची लगेच परत यायची. प्रेमाला त्यांचा हेवा वाटायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायला कुणी नव्हतंही.

नाव आता आरसडोहात शिरली. पाणी इतकं संथ की काठची करंजं पाण्यात उलटी उभी दिसत. नबीचाचांनी शीड उतरवायला सांगितलं आणि नाव काळ्या खडकाच्या आडोशाला लावली. बोलायचं नाही, हलायचं नाही आणि शिंकायचं तर मुळीच नाही, असा हुकूम सुटला. शेवटचं कलम खास युसूफसाठी होतं.

खूप वेळ काहीच झालं नाही. एक खंड्या सूर मारून गेला. एक कासव दगडावर ऊन खात होतं. युसूफच्या नाकाला खाज सुटली आणि त्याने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"दर्यात बी असंच बसावं लागतं का?" नजमाने अगदी हळू विचारलं.

नबीचाचा सांगायला लागले, की दर्यात वाट बघावी लागत नाही. तिथले मोठे मासे आपणच जहाजाला येऊन भेटतात. दहा-दहा, वीस-वीसची टोळी पाण्याबाहेर उड्या मारत जहाजाच्या बरोबरीने कोसच्या कोस येते. त्यांना काही खायला नको असतं, की काही नको असतं.

"मग येतात कशाला?" प्रेमाने विचारलं. "त्यांना एकटं वाटतं का?"

 "दर्या लई मोठा हाय, बेटी," नबीचाचा म्हणाले. "त्यात कुणालाबी वाटंल."

तेवढ्यात शीळ ऐकू आली.

आधी बाप आला, मग मोठी दोन. डोहाच्या मधोमध त्यांनी कमान धरली आणि मासळीला उथळ पाण्याकडे हाकलत नेलं. पाणी नुसतं उकळल्यागत झालं. मग खडकाच्या कपारीतून आई आली आणि तिच्यामागे तीन पिल्लं. दोन पिल्लं धप्पकन पाण्यात पडली. तिसरं मात्र काठावर बसून रडायला लागलं. पाण्याला पाय लावायचं आणि मागे पळायचं. आईने दोनदा शीळ घातली. तरी ते येईना, तेव्हा ती बाहेर आली, त्याची मानगूट तोंडात धरली आणि त्याला सरळ पाण्यात ओढलं. पिल्लाने असा गळा काढला की युसूफला हसू आवरेना. पण आईने त्याला सोडलं नाही. ते तरंगायला लागलं तशी ती त्याच्या अगदी शेजारून पोहत राहिली.

प्रेमाचे डोळे भरून आले. तिने पदर नसलेल्या खांद्याला डोळे पुसले आणि वारा झोंबतो असं पुटपुटली. नजमाने ते पाहिलं, पण या वेळी तिने निकाल दिला नाही. ती नुसती जवळ सरकून बसली.

सगळी मंडळी दिवसभर तिथेच होती. पाणमांजरांनी मासे खाल्ले, वाळूत लोळून अंग कोरडं केलं, उन्हात झोपली. मुलांनीही भाकरी आणि गूळ खाल्ला, आणि आत्याने बांधून दिलेल्या दशम्या प्रेमाने सगळ्यांना वाटल्या. दिवस कलेपर्यंत सातांतलं एकही नजरेआड गेलं नाही. मग नबीचाचांनी नाव प्रवाहात सोडली आणि ती पाण्याबरोबर आपली आपण घाटाकडे निघाली.

घाटावर गडबड चालली होती.

खालच्या अंगाला, नाक्याजवळच्या पाण्यात, मासेमारीचा गुत्ता, म्हणजे ठेका, बाळापूरच्या गुलाबचंद शेठजींनी हर्रासात बोली लावून घेतला होता. त्यांचा मुकादम अमरसिंग काठावर उभा राहून एक ओलं जाळं हातात नाचवत होता. जाळ्याला दोन माणसं आरपार जातील एवढं भगदाड पडलं होतं.

"दुपारी टाकलं अन् आता काढलं! हे पाहा!" अमरसिंग ओरडत होता. "त्या पाणमांजरांनी फाडलं. हे सातवं जाळं हाय. बस झालं. गुरुवारी शेठजी येऊन राहिले. नाक्याचा परवाना घेतो अन् बंदुकीनं एकेक टिपतो."

 प्रेमा नावेतून उडी मारून पुढे गेली आणि म्हणाली, की हे त्यांनी केलेलं नाही. ती सातही सकाळपासून वर काळ्या खडकाशी होती, आम्ही चौघांनी पाहिली आहेत.

अमरसिंगने मिशीला हात लावला आणि ती दुसरी असतील असं सांगितलं. दुसरी नाहीत, मी आठ महिने रोज बघते, असं प्रेमाने सांगितलं, तेव्हा तो मोठ्याने हसला. त्याच्याबरोबरची माणसंही हसली. जाळी ओढायला त्याने ही माणसं लांबून आणली होती. पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या नदीवरच्या जुन्या भोयांना त्याने पावसाळ्याआधीच कामावरून काढलं होतं.

नबीचाचा मात्र हसले नाहीत. ते काही बोललेही नाहीत. ते फाटलेल्या जाळ्याकडे बघून नाव बांधायला निघून गेले, आणि हे मात्र नजमाच्या नजरेतून सुटलं नाही.

"दादामियाँला काहीतरी ठाऊक हाय," ती म्हणाली. "ते गप बसतात तेव्हा त्यांना लई ठाऊक असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी त्यांना नावेतच गाठलं. आधी ते उडवाउडवी करत राहिले. मग त्यांनी आपलं स्वतःचं लहानसं जाळं काढून मुलांच्या पुढ्यात टाकलं. ते गडद तांबडं होतं.

सुताचं जाळं बाजारातून येतं तेव्हा पांढरं असतं, त्यांनी समजावलं. ते तसंच पाण्यात टाकायचं नसतं. बाभळीची साल मोठ्या हंड्यात उकळायची, त्या लाल पाण्यात जाळं बुडवून ठेवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. याला साल पाजणं म्हणतात. नदीवरचा कोणताही भोई साल पाजल्याशिवाय जाळ्याला पाणी दाखवत नाही, कारण पांढरं सूत ओलं राहिलं की आतून कुजतं. वरून दिसत नाही.

"अन् अमरसिंगनं साल पाजली न्हाई?" युसूफने विचारलं.

"पाच-सहा दिवसांचं काम हाय. तकलीफ कोण घेतो? मी मिरगाच्या टायमाला सांगितलं त्याला. तो बोलला, तू आपलं वल्हं सांभाळ." नबीचाचांनी जाळं परत गोळा केलं. पार करायच्या नावेचा गुत्ताही शेठजींकडेच होता, त्यामुळे दुसऱ्यांदा बोलणं त्यांना अवघड होतं. म्हातारपणी नदी सुटली तर मी जाऊ कुठं, असं ते म्हणाले, आणि मग कुणी त्यांना जास्त छेडलं नाही.

पण नुसतं ऐकून काय होणार? पुरावा पाहिजे होता.

अमरसिंगची जाळी नाक्यामागच्या पडक्या छपरीत असायची. तिला कुलूप नव्हतं, कारण त्या वासात कोण जाणार! तिघं नाक धरून आत शिरली. छताची कौलं फुटली होती आणि पावसाळाभर गळालेलं पाणी जमिनीवर अजून ओल धरून होतं. ओली जाळी वाळत न घालता एकावर एक ढीग करून टाकलेली होती. नजमाने एका जाळ्याच्या घरात बोट घालून ओढलं. सूत तुटलं. तिने दुसरं घर ओढलं, तेही तुटलं.

"अमरसिंग म्हणेल हे पाणमांजरांनी चावलंय," प्रेमा म्हणाली. ती अजून दारातच उभी होती. मासळीच्या जाळ्याला हात लावला असता तर आत्याने तिला विहिरीवर नेऊन डोक्यावरून दहा घागरी ओतल्या असत्या, आणि त्या थंडीत दहा घागरी म्हणजे चेष्टा नव्हती.

मग ढिगाच्या तळाशी युसूफला एक गठ्ठा सापडला. त्याला बाजारातली सुतळी अजून तशीच बांधलेली होती, दुकानाची चिठ्ठीसुद्धा अडकवलेली होती. हे जाळं पाण्यात उतरलंच नव्हतं. युसूफने गठ्ठ्याच्या कोपऱ्यातून एक दोरा ओढला आणि तो त्याच्या बोटाशी तसाच तुटून आला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. या जाळ्याला कुणी चावलं म्हणायचं?

गठ्ठा जागच्या जागी ठेवून ती बाहेर आली. आता फक्त सांगायचं बाकी होतं. बंदुकीचा आवाज झाला तर पलीकडच्या वऱ्हाडातले पोलीस चौकशीला येत, म्हणून नदीवर बार काढायला नाक्याचा लेखी परवाना लागायचा. तो परवाना द्यायचा की नाही, हे एकाच माणसाच्या हातात होतं. त्या माणसाशी बोलायचं होतं प्रेमाला.

बुधवारी ती तीन वेळा कचेरीच्या दारापर्यंत गेली आणि तीन वेळा परत आली. रात्रीच्या जेवणाला अण्णा समोर बसले होते. तिने "अण्णा" म्हटलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ते पाहणं असं होतं की ते तिच्या पलीकडे कुठेतरी बघत आहेत. तिने ताक मागितलं आणि खाली मान घालून जेवली. 'सही करू नका' एवढी सहा अक्षरं बोलायची, तर तीही जमत नाहीत, असा तिला स्वतःचाच राग आला. आजवर तिला कुणाचाच एवढा राग आला नव्हता.

गुरुवारी सकाळी गुलाबचंद शेठजींची दमणी, बैलांची हलकी गाडी, नाक्यासमोर थांबली. शेठजी गोरेपान, पांढऱ्याशुभ्र कपड्यांचे, आणि स्वभावाने तसे गरीब. हर्रास निघाला की बोली बोलायची ही त्यांच्या घराची रीतच होती. चिंचेचा गुत्ता, सीताफळांचा गुत्ता, नावेचा गुत्ता, तसाच मासळीचाही. पण घरात कांदासुद्धा चालायचा नाही! मासळीचा गुत्ता घेतल्यापासून ते एकदाही पाण्याकडे फिरकले नव्हते, जाळं कसं असतं ते त्यांनी जवळून पाहिलंही नव्हतं. आजसुद्धा ते उपरण्याने नाक झाकून, नदीकडे पाठ करून बसले. अमरसिंग सांगेल ते खरं.

परवान्याचा कागद अण्णांपुढे होता. त्यांनी दौतीत टाक बुडवला.

"अण्णा, सही करू नका," प्रेमा म्हणाली.

ती दारात उभी होती. मागे युसूफ आणि नजमा होती, आणि युसूफच्या डोक्यावर तो गठ्ठा.  अमरसिंगने पोरांना बाहेर काढायला हात उचलला, पण अण्णांनी त्याला थांबवलं.  मग त्यांनी परवान्याचा कागद बाजूला सारला, एक कोरा कागद ओढला आणि त्यावर रेघ मारली. कुणी तक्रार घेऊन आलं की ते नेहमी असंच करत. ऐकायचं म्हटलं की त्यांना हातात टाक लागायचा.

"नाव?"

"प्रेमा."

"बापाचं नाव?"

प्रेमाने त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. "व्यंकटराव," ती म्हणाली.

त्यांनी तेही लिहिलं. मग ती सांगत गेली आणि अण्णा तिचं मराठी उर्दूत उतरवत गेले. सोमवारी काय पाहिलं, कुठे पाहिलं, किती वेळ पाहिलं. पाणमांजरं सातच आहेत कशावरून, असं त्यांनी विचारलं. प्रेमाने सातांची ओळख करून दिली. बापाचा एक कान फाटलेला आहे, मोठ्या दोघांतल्या एकाच्या गळ्याला पांढरा ठिपका आहे, धाकटं पाण्याला भितं.

"किती दिवस पाहते आहेस?"

"आठ महिने. रोज."

"बरोबर कोण असतं?"

"कुणी नाही," प्रेमा म्हणाली. "मी एकटीच असते."

टाक थांबला. शाईचा एक थेंब कागदावर पडला आणि पसरला. अण्णांनी तो टिपला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी ते वाक्य लिहिलं आणि पुढे विचारलं, की जाळी मग कुणी फाडली?

युसूफने गठ्ठा खाली टाकला. सुतळी आणि चिठ्ठी त्याने सगळ्यांना दाखवली. अमरसिंगचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने सांगितलं की या लबाड पोरांनीच ते कापून आणलं असेल.

"मग तुमीच सोडा की सुतळी," नजमा म्हणाली. "गाठ तुमचीच हाय."

अमरसिंगने सुतळी सोडली नाही. शेठजींना हात लावायची सोय नव्हती. ते उपरणं आणखी घट्ट धरून बसले. युसूफ वाकणार, तोच प्रेमा पुढे झाली. शेजारच्या घराच्या ओसरीवरून आत्या बघत होती, हे तिला दिसत होतं. तिने सुतळी सोडली, जाळं दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. नवंकोरं जाळं फर्रकन फाटत गेलं. तिने आणखी एकदा धरलं, आणखी एकदा ओढलं. तिला फारसा जोरही लावावा लागला नाही.

मग नबीचाचा आपलं तांबडं जाळं घेऊन आत आले. ते कुणी बोलावलं म्हणून आले नव्हते. त्यांनी एक टोक अमरसिंगच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाले, "ओढ." अमरसिंगने ओढलं. मग सगळा जीव लावून ओढलं. जाळं तुटलं नाही, हात सुटून अमरसिंगच मात्र उंबऱ्याला अडखळून बाहेर जाऊन बसला.

शेठजींच्या तोंडावरचं उपरणं गळून पडलं होतं. त्यांनी फाटकं जाळं पाहिलं आणि कबूल केलं की चूक त्यांची आहे. ज्या मालाला आपण हात लावत नाही त्याचा धंदा करू नये. जुन्या भोयांना परत बोलावायचं, त्यांच्या हाताखाली अमरसिंगनेच बाभळीची साल उकळायची, आणि जाळ्यांची देखरेख नबीचाचांनी करायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मुलांची त्यांनी पाठ थोपटली. एवढ्याशा लेकरांनी जे पाहिलं ते मला पंचावन्न वर्षांच्या माणसाला दिसलं नाही, असं ते तीनदा म्हणाले.

अण्णांनी परवान्याचा कागद फाडला.

आत्याने प्रेमाला विहिरीवर नेलं. दहाच्या दहा घागरी ओतल्या, पण पाणी गरम केलेलं होतं. "धीराची हाय माझी पोर," ती ओतताना पुटपुटली, आणि वर असंही म्हणाली, की पुन्हा जाळ्याला हात लावलास तर गार पाणी घेईन.

शेठजी परतताना युसूफ आणि नजमालाही दमणीत घेऊन गेले. सुट्टी संपली होती. नजमा वळणापर्यंत हात हलवत होती. दमणी दिसेनाशी झाली, घुंगरांचा आवाज थांबला आणि नाक्यावर पुन्हा पहिल्यासारखं झालं. प्रेमा पायरीवर बसून राहिली. सगळ्यांनी शाबासकी दिली होती, पाणमांजरं वाचली होती. तरीही तिला रडू येत होतं, आणि या वेळी तिने वाऱ्याला दोष दिला नाही.

दुसरा दिवस शुक्रवार, मोगलाईतल्या सुट्टीचा. आठ महिन्यांत अण्णा एकाही शुक्रवारी कचेरीबाहेर पडले नव्हते. आज ते घाटावर आले. अंगात कचेरीचाच कोट होता, डोक्यावर टोपी होती, आणि जोडे त्यांनी हातात धरले होते. नावेत कसं चढायचं ते त्यांना कळत नव्हतं. नबीचाचांनी हात दिला.

"कुठे बसायचं?" त्यांनी विचारलं.

प्रेमाने जागा करून दिली. नाव काळ्या खडकाशी लागली. बोलायचं नाही आणि हलायचं नाही, हे तिने त्यांना समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने ऐकलं. ऊन चढलं. खंड्या आला आणि गेला. पाण्यात एकही डोकं दिसेना, कुठे शीळ ऐकू येईना. अण्णा आता उठतील, आता घड्याळ काढतील, असं प्रेमाला सारखं वाटत होतं. तिने हळूच सांगितलं, की एखाद्या दिवशी पाणमांजरं डोह सोडून खाली उतरतात, आज बहुतेक यायची नाहीत.

"तुझ्या आईला पाण्याची भीती वाटायची," अण्णा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच तिचं नाव काढलं होतं. "हिंगोलीला कयाधूच्या काठी सुद्धा माझा हात धरून चालायची."

मग ते किती वेळ तरी आईबद्दल सांगत राहिले. हातात टाक नव्हता, समोर वही नव्हती. प्रेमा ऐकत होती. पाणमांजरं त्या दिवशी आलीच नाहीत, आणि दोघं दिवस मावळेपर्यंत तिथेच बसून राहिली.